चेंडू कोणाच्या हाती, कप्तानी कोणाच्या?



ज्या सद्गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी केंद्र सरकारच्या दप्तरात चाकरी करीत असताना आपल्या सायंकाळी दिल्लीच्या या रामकृष्णपुरम वसाहतीतील मुलांना खो-खो शिकविण्यात घालविल्या, असे मला चालकांनी कळविले, आणि म्हणून खेळासंबंधी बोलावे असे मी ठरविले. आपल्याकडील व्याख्यानमालांत धर्म, इतिहास, अर्थकारण व साहित्य यांना जो मान मिळतो तो क्रीडेला सहसा मिळत नाही. खेळ हा खेळण्याचा विषय, बोलण्याचा नव्हे, अशी सुशिक्षितांची जुनी समजूत आहे. परंतु समाजाने कोणाला आपल्यातला मानले आणि कोणाला केवळ कामापुरते जवळ केले, याचा दाखला जितका स्वच्छ क्रीडांगणावर मिळतो तितका विधिमंडळाच्या कामकाजातही मिळत नसेल. कारण मैदानावर धावा आणि बळी यांची नोंद सर्वांच्या डोळ्यांदेखत होत असते, आणि गुणवत्ता नव्हती ही सबब तेथे फार काळ टिकत नाही. वंश, जात व जमात यांना खेळांत प्रतिनिधित्व किती, हा प्रश्न हल्ली जगभर विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा डोकी मोजून देतात. डोकी मोजणे अवश्य आहे. मात्र ती कोठे मोजायची हे आधी मुक्रर केले पाहिजे. समाज दुसऱ्याच्या दंडातील बळ फार लवकर स्वीकारतो. त्याच्या निर्णयावर विश्वास टाकण्यास त्याला पिढ्या लागतात. चेंडू हाती देणे सोपे, कप्तानी देणे अवघड. आणि प्रतिनिधित्वाचा खरा हिशेब कप्तानीपासून मांडला पाहिजे, असे मला आज आपणांपुढे सांगावयाचे आहे.

प्रारंभ मुंबईच्या मैदानापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एस्प्लनेडच्या मोकळ्या जागेवर एतद्देशीय तरुण, विशेषतः पारशी तरुण, क्रिकेट खेळत असत, आणि त्याच जागेवर युरोपियन साहेबांचे पोलोचे घोडे धावत असत. टापांनी उखडलेल्या जमिनीवर चेंडू कधी सरळ येईना. शापूरजी सोराबजी यांच्या पुढाकाराने १८८१ नंतर सरकारदरबारी अर्ज गेले, अर्जांवर हुकूम झाले, हुकुमांवर फेरअर्ज झाले, आणि कित्येक वर्षांच्या या देवघेवीनंतर समुद्राकाठच्या केनेडी सी फेसवर पारशांना, मुसलमानांना व हिंदूंना आपापल्या जिमखान्यांसाठी स्वतंत्र जागा मिळाल्या. हिंदू जिमखाना १८९४ चा. मूळ तक्रार एका सार्वजनिक मैदानावर सर्वांचा सारखा हक्क असावा अशी होती. निकाल असा लागला की प्रत्येक कोमेला आपले निराळे कुंपण मिळाले. राज्यकर्त्यांनी जमीन देताना नागरिक पाहिला नाही, कोम पाहिली. मग सामनेही त्याच वाटणीने होऊ लागले हे ओघानेच आले: १९०७ साली युरोपियन, पारशी व हिंदू यांची तिरंगी स्पर्धा, १९१२ साली मुसलमान संघ आल्यावर चौरंगी, आणि १९३७ साली ‘इतर’ या विलक्षण नावाचा पाचवा संघ आल्यावर पंचरंगी.

परंतु ‘हिंदू संघ’ असे एकदा नाव घेतले की हिंदू कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि तो प्रश्न ज्या पुरुषाने केवळ आपल्या डाव्या हाताने विचारला त्याचे नाव पालवणकर बाळू. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडास झाला; घराणे कोकणातील पालवणचे, जात चांभार, आणि वडील फौजेत नोकरीला असल्यामुळे बालपण पुण्याच्या छावणीच्या परिसरात गेले. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व शिवराम हे दोघे भाऊ खेळ शिकले. पुण्यातील एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व तिच्यावर रोलर फिरविण्याचे काम बाळूंना महिना तीन रुपयांवर मिळाले. पुढे १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबात ते चार रुपयांवर गेले, आणि तेथे जाळी उभारता उभारता साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकू लागले. त्या काळच्या नामांकित फलंदाजांपैकी जे. जी. ग्रेग हे तर सर्वांच्या आधी येऊन तासन्‌तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतील आठ आण्यांपेक्षा मला दुसरीच गोष्ट अधिक अर्थपूर्ण वाटते. इतक्या वर्षांत त्या क्लबात बाळूंच्या हाती कोणी बॅट दिल्याचे कोठे आढळत नाही. गोलंदाजी हे श्रमाचे काम, ते चाकराने करावे; फलंदाजी हा सरदारी शौक, तो साहेबाने करावा, असा तो शिरस्ता होता.

या डावखुऱ्या फिरकीची वार्ता पुण्याच्या हिंदू खेळाडूंपर्यंत पोचली तेव्हा त्यांच्यापुढे धर्मसंकट उभे राहिले. साहेबांना हरवायचे तर बाळू हवेत. आणि बाळू घ्यायचे तर विटाळ आड येतो. तोड अशी निघाली की मैदानावर बाळू संघात, मैदानाबाहेर संघाच्या बाहेर. चहाच्या वेळी इतर गडी मंडपात बसून कपातून चहा घेत असता बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यातून चहा मिळे. जेवायला निराळे पान, निराळी जागा. चेंडूला विटाळ नव्हता, कारण चेंडूवाचून बळी मिळत नव्हते. आपण हे ऐकून आज मान हलवितो. परंतु या व्यवस्थेत एक तर्कशास्त्र होते आणि ते तर्कशास्त्र अद्याप मेलेले नाही, म्हणून मी त्यावर रेंगाळत आहे. मनुष्याची उपयुक्तता आणि मनुष्याची बरोबरी यांच्यामध्ये आखलेली ती रेषा होती. आणि ती रेषा सुशिक्षित, देशाभिमानी, परकीय सत्तेच्या जाचाने संतप्त झालेल्या पुणेकरांनी आखलेली होती.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले. तेथेही काही सभासदांच्या हरकती बाजूला सारून हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतले, आणि फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरविले तो सामना आला. हिंदूंच्या धावा २४२ व १६०, युरोपियनांच्या १९१ व १०२. विजय १०९ धावांनी, आणि दोन्ही डाव मिळून बाळूंचे आठ बळी. शिवरामही त्या संघात होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने या विजयाचा संबंध थेट जातिबंधने सैल होण्याशी जोडला: पुण्यात ज्यांना चहा बाहेर मिळत होता ते मुंबईत इतरांसमवेत बसून खाऊ लागले होते, आणि पत्रकर्त्यांच्या मते राष्ट्राला याहून चांगला धडा कोणता? पाच वर्षांनी, १९११ साली, पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेस गेला. त्या दौऱ्यात संघाची कामगिरी एकंदरीत सुमारच झाली. बाळूंनी मात्र दुखऱ्या खांद्यानिशी ११४ बळी घेतले, प्रत्येकी एकोणीसहून कमी धावांत. मुंबईस परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. भीमराव आंबेडकर त्या वेळी एल्फिन्स्टन कॉलेजात विद्यार्थी होते, आणि त्यांच्या पिढीतील तरुणांना ज्या थोड्या पुरुषांचा अभिमान वाटावा अशांत बाळू अग्रभागी होते.

आता कप्तानीची गोष्ट. १९१० ते १९२० या दशकात हिंदू संघात बाळूंपेक्षा ज्येष्ठ, अनुभवी व यशस्वी असा खेळाडू नव्हता; तरीही दरसाल कप्तानीची नेमणूक जाहीर होई तेव्हा नाव दुसऱ्याचे असे. १९१३ साली एम. डी. पै यांची नेमणूक झाली तेव्हा हा मान वस्तुतः बाळूंचा होता, असे खुद्द पै यांनीच जाहीरपणे सांगितले, ही त्यांच्या थोरवीची साक्ष आहे. पण निवड समितीने त्यांचे शब्द ऐकून घेतले आणि आपला शिरस्ता चालू ठेवला. १९२० साली पै आजारी पडल्याने मुसलमान संघाविरुद्धच्या सामन्यापुरती कप्तानी प्रा. दि. ब. देवधरांकडे गेली आणि बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले. देवधरांची योग्यता कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. संस्कृतचे हे प्राध्यापक पुढे महाराष्ट्राच्या क्रिकेटचे कुलगुरू ठरले आणि शंभरी ओलांडून जगले. प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नव्हता, बाळूंचे भाऊ विठ्ठल व शिवराम यांच्या ज्येष्ठतेचा होता. आणि त्या दोघा भावांनी संघातून माघार घेऊन, जाहीर निवेदन काढून, अन्यायाचे कारण जात हेच आहे असे स्वच्छ शब्दांत सांगितले. मुंबईत गिरणीसंपाइतकी चर्चा या संपाची झाली असेल नसेल, पण लोकमत हलले. अंतिम सामन्यास भाऊ परतले, बाळूंना उपकप्तान केले गेले, आणि पै काही काळ मैदान सोडून गेले तेव्हा बाळूंनी संघ हाताळला. मंडपाबाहेर चहा घेतलेल्या गोलंदाजाने तेवढ्यापुरते क्षेत्ररक्षण लावले. नेमणुकीने मात्र ते कधीच कप्तान झाले नाहीत.

कप्तान झाले ते धाकटे विठ्ठल, १९२३ साली. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांवर विजय मिळविला आणि प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. पुढे १९४८ साली त्यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठी आत्मचरित्रांच्या याद्या करणाऱ्या आपल्या विद्वानांना त्याची आठवण फार क्वचित होते, एवढे येथे नमूद करून पुढे जातो. १९२३ या सनाची जगाच्या इतिहासाशी सांगड घालून पाहा. वेस्ट इंडीजच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू प्रारंभापासून होते, वेगवान गोलंदाजीचा भार त्यांच्याच खांद्यावर होता; परंतु सबंध मालिकेसाठी नेमलेला पहिला कृष्णवर्णीय कप्तान, फ्रँक वॉरेल, हा १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलियन दौऱ्यात झाला, आणि त्यासाठी सी. एल. आर. जेम्स यांना वृत्तपत्रातून चळवळ करावी लागली. अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १९४७ साली प्रमुख बेसबॉल संघात आला तो क्षण तेथील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पण त्या खेळात पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक मैदानावर आला तो १९७५ साली. चेंडूपासून कप्तानीपर्यंतचे अंतर तेथे अठ्ठावीस वर्षांचे पडले. म्हणजे पालवणकर बंधूंचा लढा हा केवळ आपल्या जातिव्यवस्थेचा स्थानिक प्रकार नव्हता. बळ घ्यावे आणि अधिकार राखून ठेवावा, हा सर्वच वरिष्ठ वर्गांचा मनसुबा असतो, आणि मराठी मुलखात तो वॉरेलच्या सदतीस वर्षे आधी एकदा मोडला गेला होता.

बाळूंचे उत्तरायुष्य राजकारणात गेले. पुणे करारावर त्यांची स्वाक्षरी आहे. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत उभे केले ते साक्षात डॉ. आंबेडकरांच्या विरोधात. बाळू सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. ज्या पुरुषाकडे एका पिढीने अभिमानाने पाहिले त्यालाच त्या पिढीच्या नेत्यापुढे उभे करण्याची ही युक्ती मला कधीच रुचली नाही. येथेही त्यांच्या नावाचे बळ वापरले गेले, धोरण इतरांनी ठरविले. ४ जुलै १९५५ रोजी ते वारले.

पंचरंगी सामन्यांविषयी थोडक्यात बोलतो. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास गांधींना भेटले तेव्हा कोमवार सामने बंद व्हावेत असे मत गांधींनी निःसंदिग्धपणे दिले. सामने प्रत्यक्षात बंद झाले ते १९४६ नंतर. तत्पूर्वी १९४३ च्या अंतिम सामन्यात ‘इतर’ संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांनी काढल्या. सांगलीचे हे मराठी ख्रिस्ती गृहस्थ कोमवार वाटणीत ‘इतर’ ठरले होते. सामने बंद झाले ते योग्यच झाले. परंतु त्याबरोबर एक प्रश्नही बंद झाला, हे आपण विसरतो. रणजी स्पर्धेत प्रांत आले, संस्थाने आली, रेल्वे आली. कोण कोणत्या जातीचा हे विचारणे असभ्य ठरले, आणि ते असभ्य ठरल्यामुळे निवड समित्यांत कोण बसते हेही विचारावयाचे राहून गेले.

स्वदेशात हा प्रश्न मिटवून आपण परदेशात तो मोठ्या धैर्याने विचारला. या वसाहतीच्या पूर्वेकडून जो रस्ता जातो त्याला आफ्रिका अव्हेन्यू असे नाव आहे आणि त्याच रस्त्यावर टेनिसचे मोठे क्रीडागार आहे, हा योग नगररचनाकारांनी जाणून घडविला नसेल. पण टेनिस आणि आफ्रिका ही दोन नावे जोडणारी एक गोष्ट आपल्या राष्ट्राच्या लौकिकास भूषण आहे. १९७४ साली भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला; उपांत्य फेरीत आपण सोव्हिएत संघाला हरविले ते पुण्यात. अंतिम फेरीत गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती, आणि त्या देशातील वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने सामना खेळण्यास नकार दिला. अमृतराज बंधू ऐन भरात होते आणि चषक आपल्याला मिळण्याचा संभव मोठा होता. तो सोडून देण्यात आला. सतरा वर्षांनी वर्णभेदाचे कायदे मोडीत निघाल्यावर त्या देशाचा क्रिकेट संघ प्रथम आला तोही भारतातच, आणि १४ नोव्हेंबर १९९१ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर तो जिंकला. आपण टाळ्या वाजवून स्वागत केले. त्या अकरांत एकही कृष्णवर्णीय नव्हता, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

पुढे दक्षिण आफ्रिकेने संख्येचे लक्ष्य ठरविले: २०१६ पासून हंगामाच्या सरासरीने संघात किमान सहा खेळाडू गौरेतर, त्यांपैकी दोन आफ्रिकी कृष्णवर्णीय. या धोरणावर गुणवत्तेच्या नावाने कठोर टीका झाली, आणि तेंबा बावुमा कप्तान झाला तेव्हा तो गुणावर नव्हे, वर्णावर नेमला गेला असे उघड बोलले गेले. जून २०२५ मध्ये लॉर्ड्‌सवर त्याच्या संघाने ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. आपल्याकडेही असे लक्ष्य असावे की काय, यावर अभ्यासकांत वाद आहेत. अकरांच्या संघात जागा राखण्याविषयी माझे मत अद्याप पक्के झालेले नाही. परंतु निवड समिती, प्रशिक्षक, पंच आणि संघटनांचे पदाधिकारी यांच्या टेबलाभोवती कोण बसते, याची मोजदाद करून ती दरसाल प्रसिद्ध करण्यास कोणाची हरकत असावी, हे मला समजत नाही.

आता एका अशा प्रयोगाची कथा सांगतो की जिच्यात डोकी मोजली गेली, जागाही दिली गेली, आणि तरी न्याय झाला नाही. बेळगावच्या दक्षिणेस हल्याळ, यल्लापूर, जोयडा या अरण्यप्रदेशांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. बोली कोकणी-मराठीच्या मिश्रणाची. मराठी माणसाला हबशी अपरिचित नाही: मलिक अंबर आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात आहे, जंजिऱ्याचा सिद्दी तर आपल्या भाषेत ठाण मांडून बसला आहे. परंतु हल्याळच्या रानात मजुरी करणारा सिद्दी आपल्या खिजगणतीत नव्हता. १९८० नंतरच्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र क्रीडा योजना काढली आणि तिच्याखाली कर्नाटक-गुजरातेतील सिद्दी मुले-मुली हेरून वसतिगृहांत आणली. गृहीत तत्त्व असे की ऑलिंपिकच्या शर्यती आफ्रिकी वंशाचे लोक जिंकतात. हे त्याच वंशाचे. तेव्हा यांच्याही पायांत पदके असणारच. मुलांनी निराशा केली नाही, राष्ट्रीय स्पर्धांत काहींनी पदके मिळविली. पण १९९० नंतर सिद्दींसाठीचा हा उपक्रम थोड्याच वर्षांत गुंडाळला गेला, आणि बहुतेक जण शिक्षण अर्धवट सोडून परत मजुरीला लागले. योजनेला त्यांचे पाय हवे होते. पाय पुरेशा वेगाने पदके देईनात तेव्हा पायांबरोबर माणूसही परत पाठविण्यात आला. कर्नाटकातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो पुढे, २००३ साली.

रक्तातच वेग असतो, हे मत स्तुतीच्या वेषात येते म्हणून ते अधिक घातक. त्याचा दुसरा नमुना आपल्या नाशिक जिल्ह्यातला आहे. त्र्यंबकच्या पलीकडील सावरपाडा येथील कविता राऊत हिने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, याच दिल्लीत, दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल स्पर्धेत धावपट्टीवरील वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने त्याच शर्यतीत रौप्य मिळविले. वृत्तपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हटले ते कौतुकानेच. परंतु कित्येक लेखांचा सूर असा होता की आदिवासी पोर, डोंगरात पाणी आणताना धावली, म्हणून येथेही धावली. डोंगरात पाणी आणणाऱ्या मुली सह्याद्रीत हजारो आहेत. शहरातील मुलाने पदक मिळविले की आपण त्याच्या चिकाटीची, आहाराची, गुरूची व बुद्धीची चर्चा करतो. आदिवासी मुलीने मिळविले की निसर्गाला श्रेय देऊन मोकळे होतो. नाशिकच्या मैदानावर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे केलेली साधना या एका वाक्यात बरतरफ होते.

डोंगराचे नाव निघाले म्हणून गिर्यारोहणाकडे वळतो. येथून जवळच बेनितो हुआरेझ मार्गावर भारतीय पर्वतारोहण संस्थेचे कार्यालय आहे. हुआरेझ हे मेक्सिकोचे अध्यक्ष होते आणि झापोटेक या तेथील मूळ रहिवासी जमातीत जन्मले होते; आदिम जमातीतील पुरुष राष्ट्रप्रमुख होतो त्याचे नाव ज्या रस्त्याला आहे तेथे हिमालयाच्या परवान्यांची दप्तरे असावीत, ही गोष्ट मला उगीचच आवडते. हिमालयाच्या चढाईत शेर्पा प्रारंभापासून आहेत. १९२२ साली एव्हरेस्टच्या उतारावर हिमप्रपाताखाली सात जण गेले ते सातही जण ओझी वाहणारे होते. १९५३ साली शिखर सर झाले तेव्हा मोहिमेचे नेते हंट आणि शिखरावर पोचलेले हिलरी यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि हिलरींबरोबर पोचलेल्या शेर्पा तेनझिंगला जॉर्ज पदक. त्याउपर जगाने तेनझिंगला कित्येक वर्षे एकच प्रश्न विचारला, की पहिले पाऊल कोणाचे? १६ जानेवारी २०२१ रोजी हिवाळ्यातील के-टू प्रथम सर झाले, तेव्हा दहाच्या दहा गिर्यारोहक नेपाळी होते, मोहिमेचे नेतेही तेच. आणि शिखराच्या थोडे खाली थांबून सर्वांनी शेवटची पावले बरोबरच टाकली. पहिल्या पावलाच्या प्रश्नाला याहून समर्पक उत्तर मला माहीत नाही.

महाराष्ट्रात मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या आश्रमशाळांतील पाच आदिवासी विद्यार्थी, मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम, एव्हरेस्टवर पोचले. सरकारी खात्याने मनावर घेतले तर काय होते, याचा हा उत्तम दाखला. माझ्या मनात प्रश्न येतो तो पुढचा: सह्याद्रीत दर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे जे हजारो लोक डोंगरभटकंतीस जातात, त्यांच्या संस्थांत महादेव कोळी, ठाकर, कातकरी किती आहेत? कळसूबाईला जाणारा बारी गावातून जातो, हरिश्चंद्रगडावर जाणारा कोळ्यांच्या घरी पिठलं-भाकरी खातो, वाटाड्या घेतो, त्याला पैसे देतो आणि परत येऊन वाट आपण शोधली असा लेख लिहितो. ज्याला पावसाळ्यात कोठली कडेकपार निसटते हे ठाऊक आहे, तो मोहिमेचा नेता का नसावा? संस्थांनी अलीकडे बचावकार्यात स्थानिकांना बरोबरीने घेतले आहे, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. संकटाच्या वेळी का होईना, कप्तानी योग्य हाती जाते.

डोंगरावरून पुन्हा दिल्लीत येऊ. येथेच कुस्ती आणि मुष्टियुद्धाचे एक सभागृह कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या नावाचे आहे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी ज्यांना लोकवर्गणी काढावी लागली आणि ज्यांच्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवले, त्या खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्याच सभागृहात नोव्हेंबर २०१८ मध्ये मणिपूरच्या कोम जमातीतील मेरी कोम हिने आपले सहावे जागतिक सुवर्णपदक मिळविले, आणि प्रेक्षक तिच्यासाठी उभे राहिले. त्याच्या चार वर्षे आधी तिच्या जीवनावर चित्रपट निघाला तेव्हा तिची भूमिका करण्यास ईशान्येतील एकही नटी निर्मात्यांना मिळाली नव्हती. आणि चार पावलांवर, आपल्या शेजारच्या मुनीरक्यात, ईशान्येतील जी मुले-मुली भाड्याने राहतात त्यांना रस्त्यात कोणत्या हाका ऐकाव्या लागतात, हे येथील रहिवाशांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. २०१४ साली लाजपतनगरात नीडो तानिया या अरुणाचलच्या तरुणाला मारहाण होऊन त्याचा मृत्यू झाला, त्यानंतर ईशान्येतील लोकांच्या प्रश्नांसाठी बेझबरुआ समिती नेमावी लागली.

शेवटी चालकांना एक विनंती. आपल्या मंडळाच्या क्रीडामहोत्सवात आपल्या संघात मराठी भाषकांनाच प्रवेश असतो, आणि क्रिकेटचे सामने मराठी विरुद्ध तमिळ, मराठी विरुद्ध कन्नड असे आपण लावतो. हौसेने लावतो, वैराने नव्हे, हे मी जाणतो. मुंबईचे चौरंगी सामनेही प्रारंभी हौसेचेच होते. पुढच्या वर्षापासून संघ सेक्टरवार पाडावेत. क्वार्टर्सच्या मागील खोल्यांत राहणाऱ्या कामकरी कुटुंबांची, महंमदपूरची व मुनीरक्याची मुले त्यांत घ्यावीत. आणि संघ निवडणाऱ्या समितीतील पाच जागांपैकी दोन जागा या नव्या मंडळींकडे द्याव्यात. कप्तान कोणी व्हावे ते त्या समितीला ठरवू द्यावे.